मिलिटरीतून सेमिनरीत

दुबलगुंडीच्या स्टँडवर बस लागली तवा माझी चार वर्षांची सुवार्ता सासूच्या कडेवर होती आन सहा महिन्यांचं बारकं माझ्या खांद्यावर. सासूला मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई म्हणल्या, "मागं बघू नको, पोरगी रडंल." म्हणून मी बघितलं न्हाई, सरळ चढले, खिडकीतूनबी बघितलं न्हाई. मग कळालं, सुवी सगळ्या गल्लीत सांगायली, आईनं मला बघितलंबी न्हाई.

गावाकडच्या बायांनो, तुमी इचारत होतात, लेकरू टाकून कामून गेलीस, म्हणून हे लिहायले. सातवीपतूर शिकले मी, चुकलं तर संभाळून घ्या.

आमचे हे फौजेत होते. सरावात कानापाशी बार उडाला, डावा कान गेला, आन नऊ वर्षांची नोकरी सुटून घरी आले. दवाखान्यात पडल्या पडल्या ह्यांनी देवाला कबूल केलं होतं की उठलो तर पाळक होईन. बी.ए. फौजेतच झालं होतं, म्हणून बेंगळूरच्या सेमिनरीत पुढच्या शिक्षणाला घेतलं. तिथं चर्चचे पाळक घडवतात. माहेरी हुलसूरला माझ्या बापाला कायबी कळंना. "मिलिटरीतून सेमिनरीत? ही कंच्या बार्डरला आली गं?" म्हणले. सगळी हसली, मीबी हसले.

सेमिनरीत आमाला एकच खोली मिळणार होती. आत्याबाई म्हणल्या, "एक लेकरू माझ्यापाशी राहू द्या, न्हाई तर मी काय भिंतीसंगं बोलू?" बारकं अंगावर पीत होतं, ते सोडून चालत नव्हतं. मग सुवी राहिली. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं, म्हणले न्हाई.

ह्यांच्या वर्गात सगळी पोरं बावीस-तेवीसची, हे तेहेतीसचे. पहाटं चारला उठतात, चादरीची घडी अशी घालतात की वही ठेवल्यावानी. उजव्या कानानं नीट ऐकू यावं म्हणून वर्गात डाव्या भिंतीला खेटून बसतात. पहिल्याच उपासनेत म्हातारे सर जवळ येऊन म्हणले, "शांती असो," आन ह्यांनी टाच आपटली, "जय हिंद, साब!" अजूनबी पोरं जिन्यात भेटली की ह्यांना जय हिंद म्हणतात. हे हसतात, आन खोलीत येऊन गपचूप ग्रीक अक्षरं गिरवतात.

शिकणाऱ्यांच्या बायकांचाबी क्लास असतो बुधवारी. माझं हुमनाबादकडचं कन्नड ऐकून म्हैसूरची एक बाई म्हणली, "अक्का, तुमी बोलायलाव का भांडायलाव?" मग मी बोलायचंच सोडलं. मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली की मी पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटायचे. मनात एकच म्हणायचे, देवा, पोरीला माझा इसर पडू देऊ नको.

हे फौजेत होते तवा फोनवर काय बोलायचं ते मीच सुवीला पढवलं होतं. म्हण, "तुमी सुट्टीवर कवा येणार?" एका रविवारी मी इकडून फोन केला तर पोरीनं मलाच इचारलं, "तुमी सुट्टीवर कवा येणार?" आपल्यात आईला कुणी तुमी म्हणतं का? मी फोन ह्यांच्या हातात दिला, मोरीत गेले आन नळ सोडला.

वर्षानं दोन खोल्या मिळाल्या. नाताळाला गावाकडं आलो आन जाताना सुवीला संगं घेतलं. आत्याबाई स्टँडवर आल्या न्हाईत. दारातूनच म्हणल्या, "ने बाई, तुझीच हाय." पण पोरीचा फ्रॉक त्यांच्या मुठीत होता, तो मला सोडवावा लागला.

आता ती माझ्यापाशी हाय. तू म्हणती, आई म्हणती. पण सांजच्याला चपला घालून पायरीवर जाऊन बसती.

"कुठं चाललीस?"

"घरला."

आधी मी चिडायचे. हेच घर हाय म्हणून वरडायचे, लई वरडायचे, हे पुस्तक ठेवून बाहेर यायचे. एक दिवस हे म्हणले, "भरती झालो तवा सहा महिने मीबी असाच गेटाकडं तोंड करून बसायचो. उठवू नको तिला. बस तिच्यापाशी."

तवापासून मीबी बसते. इचारते, "घरी आता काय चाललंय गं?" ती सांगती. अव्वा, म्हणजे तिची आजी, तुरीच्या शेंगा सोलायली. म्हैस वरडायली. शेजारचा अण्णा म्हणायलाय, सुवी कुठं गेली. ती सांगती तसं तसं मला दिसतं, चूल, रांजण, सगळं. माझं घर आता एवढंच राहिलंय, तिच्या तोंडात हाय तेवढं.

त्या घरात सगळी असतात. आई कुठं बसली, हे इचारायला माझी जीभ अजून रेटत न्हाई.