बोला मामा!

आमच्या लोह्यात सभा कुणाचीही असो, पहिल्या रांगेतले मामा हात वर करणारच. तोंडात सुपारी, आणि सुरुवात ठरलेली: "एक सवाल हाय." सभा लांबायची म्हणून मला त्यांचा वैताग यायचा. पाच-सहा वेळा निवडून आलेले आमदारसाहेब मात्र दर वेळी माईक पुढं करायचे, "बोला मामा!"

एकदा मामांनी विचारलं, "शेजाऱ्यानं शेताची वाट अडवली. आता बैलगाडी काय उडवत न्यायची का?" लोक हसले. साहेबही हसले, पण तोच सवाल त्यांनी विधानसभेत मांडला आणि कायदा बदलेपर्यंत सोडला नाही.

साहेब गेले. परवा शोकसभेत वक्त्यांनी त्यांचे पूल मोजले, शाळा मोजल्या. त्या कायद्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मामांचा हात वर गेला.

"मामा, आज तरी सवाल नको," स्टेजवरून कुणीतरी दटावलं.

"सवाल न्हाई," हात तसाच ठेवून मामा म्हणाले, "आता 'बोला मामा' कोण म्हणतंय, ते बघून राहिलो."