चपला पाहून पुकारा

सर्वांना कळंबच्या वत्सला म्हसकरचा नमस्कार. लोधिवलीला हसनचाचा मुकादमांच्या पडवीत कागद उघडण्याआधी एकेकाची तब्येत विचारायची रीत आहे, ती मी इथेही पाळते. चाचा, तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढणं खरंच बंद केलंत, की नुसतं बंद केलं म्हणून सांगता? चाचींची साखर कशी आहे? फणसाचे गरे लपवून खाणं थांबलं का? सूनबाईंची कंबर? आणि या गौरवग्रंथासाठी पळापळ करणाऱ्या मंडळींनो, वेळेवर जेवता ना? आमच्याकडे सगळे ठीक. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तर अक्षर ओळीत आलंय.

चाचांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तुम्ही लिहा, असं मंडळींनी कळवलं तेव्हा मी घाबरलेच. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालेलं. पण चाचांबद्दल मी लिहायचं नाही तर कुणी?

आमची ओळख झाली ती एका चुकीतून. अठरा-एकोणीस वर्षं झाली. आमच्या शेताकडे जाणारी एकच वाट, ती शेजारी उभ्या राहिलेल्या एका रिसॉर्टच्या भिंतीनं बुजली. हे नुकतेच वारले होते. वाट गेली म्हणजे शेत गेलं, आणि शेताशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वकील परवडेना, म्हणून अर्जनविसाकडून दावा लिहून घेतला आणि एकटीच तालुक्याच्या कोर्टात जाऊ लागले. रिसॉर्टचा मॅनेजर व्हरांड्यात भेटला की हसायचा. "काय मावशी, वकील नाय आणला आज पण?" मी म्हणायची, "आणला असता रं, पण तो शेतावर जायला निघालाय आणि वाट शोधतोय!"

त्या तारखेला मी सकाळपासून हजर होते. दाराशी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दाराच्या फळीआड हात जोडून उभी राहिले. न्यायाची जागा, देवळात जावं तसं जायचं, एवढंच मला ठाऊक. नावाचा पुकारा झाला. आत या म्हणतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. तीनदा पुकारा झाला. मग दुसऱ्याचं नाव निघालं.

दुपारी कोर्ट उठल्यावर पुकारा देणारे शिपाई बाहेर आले. उंच, पांढऱ्या दाढीचे. तेच हसनचाचा. माझ्या चपलांकडे बोट करून म्हणाले, "बाय, या तुझ्या?"

"हो."

"म्हसकर तूच? अगं, कुठं होतीस गं?"

"इथंच होते. हात जोडून."

ते मटकन पायरीवर बसले. "दावा काढून टाकला ना साहेबांनी! गैरहजर म्हणून!"

साहेबांपासून दहा पावलांवर उभी असलेली मी, आणि कागदावर गैरहजर. मला रडूही येईना. तेव्हा चाचा म्हणाले, "ऐक. दावा मेला नाय, झोपलाय. उठवायचा अर्ज असतो, तीस दिवसांत द्यायचा. मी वकील नाय, कायदा सांगणार नाय. पण वाट सांगीन. घडलं ते तुझ्या हातानं लिही. दोन प्रती कर, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको."

मी लिहिलं. "मी दाराबाहेर चपला काढून उभी होते." एवढं एक वाक्य लिहायला तीन दिवस लागले.

अर्ज सुनावणीला निघाला त्या दिवशी समोरचे वकील म्हणाले, "साहेब, चपला हे काय कारण झालं?" साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि शिपायाला विचारलं, "त्या दिवशी दाराशी चपला होत्या?"

चाचांची नोकरी तेव्हा थोडीच उरली होती. "आठवत नाही" एवढं म्हटलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण चाचा पुढे आले. "होत्या साहेब. बायमाणसाच्या, एका अंगठ्याला दोरा बांधलेल्या. मी चपला पाहिल्या, माणूस शोधलं नाय. चूक माझी हाय."

माझा दावा उठला तो त्या एका वाक्यावर. पुढे दोन वर्षांनी वाट मोकळी झाली. आजही तिथून बैल नेताना मला चाचांचं ते वाक्य आठवतं. एवढा मोठा माणूस, आणि आम्ही त्याला शिपाई म्हणत होतो!

त्यानंतर चाचांचा पुकाराच बदलला. पहिला दारात, दुसरा व्हरांड्याच्या टोकाला, तिसरा थेट रिक्षास्टँडपर्यंत जाऊन. आधी चपला मोजायचे. चपला जास्त आणि माणसं कमी दिसली की शोधत फिरायचे. निकालानंतर मी नव्या तांदळाची पिशवी घेऊन लोधिवलीला गेले, तर ती चहासकट परत आली. म्हणजे चहा मला पाजला आणि पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "पुकारा देणाऱ्याच्या तोंडात कुणा एकाचा घास असला, की आवाज त्याच्याच बाजूला जातो." आतून चाची म्हणाल्या, "आवाज कोर्टात गं! घरात कुठं फुटतोय?"

निवृत्तीनंतर दर रविवारी त्यांच्या पडवीत कोर्ट भरतं, म्हणजे खऱ्या कोर्टात उभं राहायचा सराव चालतो, हे कर्जत-खालापुरात सगळ्यांना माहीत आहे. भिंतीशी एक रिकामी खुर्ची असते, ती साहेबांची. कळंबचा शेतकरी, कोंडाण्याची आजी, चौकचा टेंपोवाला, जो येईल त्यानं चपला घालून आत यायचं, खुर्चीसमोर उभं राहून "हजर आहे, साहेब" म्हणायचं आणि आपलं म्हणणं पाच वाक्यांत सांगायचं. "चाचा, तुमीच बसा की खुर्चीत," असं एकदा कुणी म्हणालं, तर कानाला हात लावून म्हणाले, "त्या खुर्चीपुढं मी जन्मभर उभा राहिलो, आता बसू कसा?" काम अवघड दिसलं तर स्वतः हात धरून मोफत वकील मिळतो त्या विधी सेवेच्या खोलीपर्यंत नेतात. कोण जिंकेल, हे मात्र कधीही सांगत नाहीत.

त्या रिकाम्या खुर्चीसमोर कोंडाण्याची आजी थरथरत उभी राहते आणि पाचव्या वाक्याला तिचा आवाज ठाम होतो, तेव्हा मी आपली पडवीच्या कडेला तोंडात बोट घालून बघत राहते. इतक्या वर्षांनीही.

चाचा, परमेश्वर तुम्हाला शंभरी दाखवो, गुडघ्याला बळ देवो आणि तुमचा आवाज रिक्षास्टँडपर्यंत पोहोचत राहो. हा लेख तुम्ही शिकवल्याप्रमाणे दोन प्रतींत लिहिला आहे. एक तुम्हाला, एक माझ्याजवळ. माझ्या प्रतीवर अजून पोच नाही. तेव्हा दोन ओळींचं उत्तर लवकर लिहा. तोवर मी खिडकी सोडणार नाही. चपला पायात आहेत, आणि मी हजर आहे.