सविताताईंना पॅड नको होता

आज दुकानातून आल्यापासून डोकं शिणलंय, म्हणून इथं लिहितेय.

नवीन जालन्यात आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काम मी पप्पांकडूनच शिकले. तीर्थपुरीच्या सविताताई पत्र्याच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. दर उन्हाळ्यात प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळते, मशीन तापून बंद पडतं आणि त्या ते घेऊन आमच्याकडे येतात.

आज मी म्हटलं, "ताई, या वेळी पेस्टऐवजी पॅड बसवते. किंचित कमी थंड ठेवतो, पण वाळत नाही. दरवर्षीची चक्कर वाचेल."

"पेस्टच लावा."

मी पॅडचे फायदे पुन्हा समजावले. पप्पा म्हणाले, "अगं, त्या पेस्ट म्हणतात ना? मंग लाव की. मशीन त्यांचं हाय."

पप्पा चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा सविताताई हळूच म्हणाल्या, "माझं माहेर इथंच, स्टेशनजवळ. मशीन बिघडलं तरच सासूबाई जालन्याला सोडतात. आन् तुम्ही माझी चक्कर वाचवून राह्यल्या."

मी पेस्ट लावली.

निघताना म्हणाल्या, "पुढच्या होळीला घरच्या नंबरवर फोन करा, पेस्ट बदलायची वेळ झाली म्हणून. सासूबाईच उचलतील, त्यांनाच सांगा."

तोवर पेस्ट वाळत आलेली असेल, म्हणजे फोन खोटा ठरणार नाही. तरी चैन नाही. टिकणारी वस्तू हातात असताना मी मुद्दाम वाळणारी लावली.

तुम्ही काय लावलं असतं?