न धुतलेलं ब्लँकेट

थोरल्या जाऊबाईंशी डोकं लावू नये, हे मी लग्नानंतर महिन्याभरातच शिकले. आमची दोघींची लाँड्री. पोलीस ठाण्याच्या कोठडीतली ब्लँकेटं दर सोमवारी येतात. प्रत्येकाच्या कोपऱ्याला कोठडीचा नंबर जाऊबाईंनी लाल दोऱ्यानं टाचलेला. आणि भिजवण्याआधी प्रत्येक ब्लँकेट नाकाला लावणार! "अहो, अत्तर शोधताय का?" मी वैतागायची. पण एकदा पोलिसांनी कोठडीत मारलेला मिरचीचा फवारा बसलेलं ब्लँकेट असंच धुण्यात गेलं, आणि त्यासोबत धुतलेल्या दुपट्यानं कुणाचं तान्हं बाळ दिवसभर किंचाळलं. तेव्हापासून झोंबणारा कपडा हौदात नाही, आठ दिवस गच्चीवर तारेवर.

त्या सोमवारी तीन नंबरचं नाकाला लावलं आणि बाई खोकून खोकून अर्धमेल्या झाल्या. ब्लँकेट तारेवर गेलं.

मंगळवारी कळलं, कोपऱ्यावरचा चावीवाला रविवारी रात्री तीन नंबरच्या कोठडीत मेला. दम्याचा माणूस. ठाण्याचं म्हणणं, आपोआप दम लागला, फवारा मारलाच नाही. त्याची बहीण आमच्या पायरीवर बसून एकच विचारत होती, "माझ्या भावाचं खरं कोण सांगेल हो?"

दुपारी हवालदार हजर. "सगळं धुतलं ना?"

"हो, हो, कधीच!" मी म्हणून मोकळी. ठाण्याचं काम गेलं तर खायचं काय, दगड?

तो गेल्यावर जाऊबाई कडाडल्या, "तुला कुणी विचारलं होतं गं?"

"विकतचं दुखणं कशाला घेताय? चार बादल्या पाणी ओता आणि मिटवा!"

आठवडाभर आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. ब्लँकेट मात्र त्यांनी त्याच दिवशी तारेवरून उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उशाशी ठेवलं. काय म्हणावं या बाईला!

चावीवाल्याच्या मृत्यूच्या चौकशीला मॅजिस्ट्रेटबाई बसल्या, आणि जाऊबाई पिशवी घेऊन तिथं हजर; मागोमाग मी. ठाण्याचे साहेब छातीठोकपणे म्हणाले, "फवारा वापरलाच नाही."

जाऊबाईंनी पिशवीची गाठ सोडली, लाल दोऱ्याचा तीन नंबर दाखवला. "मग साहेब, याला जरा तोंड पुसून दाखवा."

साहेबांनी हात मागे घेतला. मॅजिस्ट्रेटबाई कारकुनाला म्हणाल्या, "हेही लिहून घ्या."

तेवढ्यात चावीवाल्याच्या बहिणीनं ब्लँकेट ओढून घेतलं आणि त्यात तोंड खुपसलं. भावाचं शेवटचं पांघरूण ते. डोळ्यांतून धारा लागल्या, खोकला थांबेना, तरी सोडेना. मी काढून घ्यायला धावले, तर जाऊबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आता धुवायचं नाहीये ते."