चिंधी बांधलेला दुधी

"थांब, मातीला विचारू," असं म्हणून शेजारचे काका उजव्या हाताचा अंगठा पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे आणि काढून गालाला लावायचे. गार लागला की मान हलवायचे. "नाय म्हनती. निफाडची थंडी उतरू दे आधी."

असा माणूस तुमच्याही घरांच्या ओळीत राहिला असेल. सगळीकडे पेटलेलं असताना डब्यातल्या मेथीला पाणी घालणारा. मला अशा माणसांची तेव्हा चीड यायची.

तेव्हा म्हणजे नव्वदच्या दशकात, नाशिकला अंबडच्या कारखान्याला टाळं लागलं त्या हिवाळ्यात. माझे वडील तिथेच कामाला आणि युनियनमध्ये. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी लहानपणी बाराखडी गिरवली. त्या हिवाळ्यात मी बावीस वर्षांची होते आणि पत्रकं मीच लिहीत होते. मालकाची अट एकच होती: पुन्हा संप करणार नाही अशा हमीपत्रावर सही करा आणि आत या. आमचंही एकच म्हणणं होतं: सही नाही.

काका त्याच कारखान्यात प्रेस मशीनवर काम करायचे आणि शेजारच्या घरात एकटे राहायचे. गाव पेठच्या पलीकडे, डोंगरात. घरामागच्या चिंचोळ्या जागेत तेलाच्या फुटक्या डब्यांमध्ये त्यांची मेथी आणि लाल माठ, वर तारेच्या मांडवावर दुधी. आखूड, पोट सुटलेला दुधी. तसा बाजारात मिळत नसे. बी त्यांच्या आईकडून आलेलं. ते दरवर्षी लावायचे, दरवर्षी पिकातून नवं बी धरायचे.

संक्रांत झाली, थंडी उतरली, आणि एके सकाळी ते दारात उभे. "पत्रकवाले, दे की थोडी पत्रकं."

माझी छाती फुगली. वाटलं, गेटवर वाटायला निघाले. ते ओट्यावर बसले, पत्रकांचे चौकोन फाडले आणि प्रत्येकात दुधीच्या चार-चार बिया बांधून ओळीतल्या घराघरांत देत सुटले.

"कागद चांगलाय तुझा," परत आल्यावर म्हणाले. "ओल धरत नाय."

"काका, वेलींनी टाळं उघडत नाही."

"नाय उघडत. पन रिकामं पोट लवकर सही करतं."

मी उरलेली पत्रकं उचलून गेटवर निघाले. ते खरं होतं, म्हणून राग जास्त आला.

होळीपर्यंत आमची ओळ ओळखू येईना. पत्र्यांवर, गच्चीच्या कठड्यांवर, सायकलच्या जुन्या रिमांवर वेल. सकाळी बायका माठ देऊन मेथी घ्यायच्या. कोणाकडे काय शिजणार हे सगळ्या ओळीला माहीत असे.

आणि होळीनंतर पहिली सही झाली. ओळीतलं शेवटचं घर, तीन लहान मुलं. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं: 'गद्दाराच्या दारात पाऊल टाकू नका. त्याच्या घरचं पाणी पिऊ नका.' माझ्या आजीच्या गावात विहीर आम्हाला बंद होती. तिच्या नातीने ही ओळ लिहिली आणि लिहिताना तिचा हात अडखळला नाही. सभेत सगळ्यांनी हात वर केले. काकांचा हात सगळ्यात शेवटी गेला, पण गेला.

चैत्रात घराघरांतली उमेद आटत चालली, तेव्हा गेटवर सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं. भाजी कमी पडत होती. काका गेटवर चूल मांडायला गेले होते. त्यांच्या मांडवाखाली मी वर पाहिलं. पानांआड एक दुधी, सगळ्यांत मोठा, देठाला लाल चिंधी बांधलेली.

मी काय समजले, सांगते. समजले, हा माणूस एवढा मोठा दुधी स्वतःसाठी लपवून बसलाय, खूणसुद्धा करून. सगळ्यांचं ते सगळ्यांचं, असं मनात म्हणत मी तो तोडला आणि विळीवर चिरला. साल जरा जून लागली.

जेवताना काकांच्या पानात ती फोड आली. त्यांनी ती उलटून पाहिली. मग उठून सालींच्या टोपलीत हात घातला, एक बी काढली आणि नखाने दाबली. पांढरं पाणी आलं.

"कच्चं," ते म्हणाले. "बियाचा व्हता गं तो. चिंधी दिसली नाय?"

"दिसली. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मी टोपलीतल्या बाकीच्या बिया दाबून पाहिल्या.

"दुसरं बी असेल ना तुमच्याकडे?"

"समदं तुमालाच वाटलं की."

त्यांचा वेल थकला होता. उन्हाने पानं करपली होती, नवं फळ धरत नव्हतं. दोन दिवस ते प्रत्येक घरी जाऊन विचारत राहिले, मी मागे मागे. सगळ्यांनी कोवळे तोडून खाल्ले होते. एक काकू हसल्याच, "अहो, उपाशी घरात दुधी जून होतो व्हय?"

शेवटचं घर राहिलं. रस्त्यावरूनच दिसत होतं: त्यांच्या गच्चीवर पिवळा पडून वाळत चाललेला दुधी, एकटा. त्या घरची भाजी कोणी घेत नव्हतं, मग खाऊन खाऊन एक घर किती खाणार?

काका रस्त्यात उभे राहिले. पुढे पाऊल टाकेनात.

"जा ना काका."

"हात वर केलता मी."

"अहो, आईचं बी आहे तुमच्या!"

"म्हनून का शब्द मोडू?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "लिहिल्यालं खोडायचं तर लिहिनाऱ्यानं."

सगळी ओळ दारांतून बघत होती. मी त्या दाराची कडी वाजवली. सही करणाऱ्याची बायको बाहेर आली.

"काय गं? नवीन पत्रक?"

"नाही, वहिनी. दुधी हवाय. वरचा, वाळलेला. बियाला."

तिने माझ्या खांद्यावरून रस्त्यातल्या काकांना पाहिलं. आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"आधी पाणी घे."

तांब्या तिने उंच धरला होता, रस्त्यावरून दिसेल असा. मी सगळं पाणी प्यायले. हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, तरी थांबले नाही. मग ती गच्चीवर चढली.

दुधी हातात घेतल्यावर काकांनी कानाशी हलवून पाहिला. "थांब," एवढंच म्हणाले, "अजून वाळू दे."

पावसाळ्याआधी टाळं उघडलं. बहुतेकांनी सही केली, माझ्या वडिलांनीसुद्धा. काकांनी केली नाही. एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. गावी गेले म्हणतात. मागे मांडवाची तार तेवढी होती, वाळके वेल धरून. ते मला पुन्हा भेटले नाहीत.

आमच्या उंबऱ्याशी दोन पुड्या ठेवलेल्या सापडल्या. दोन्हींना लाल चिंधी, आत खडखडीत बिया. निरोप काही नव्हता. एक माझी. दुसरीच्या कागदावर माझीच ओळ छापलेली होती: गद्दाराच्या दारात पाऊल टाकू नका.

ती पुडी घेऊन मी चपला घातल्या आणि शेवटच्या घराकडे निघाले.