मधमाशीचे गुडघे

इंग्रज हा देश सोडून गेला तेव्हा आपली सगळी उनाड भाषा करडी गावच्या माझ्या चुलतसासऱ्यांच्या हवाली करून गेला, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शुद्ध इंग्रजीशी काकाजींचं काही देणंघेणं नाही. बँकेतल्या साहेबाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं तर त्यांना घाम फुटतो. पण लंडनचे फेरीवाले, खलाशी, खिसेकापू आपसात कसं बोलत, एवढं विचारून पाहा. धानाला सोडलेलं पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात गेलं तरी माणूस जागचा हलणार नाही.

ही लागण झाली नातवामुळे. त्यांची लेक लग्न होऊन लंडनला गेली, तिचा मुलगा तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला. दर रविवारी फोनवर एकमेकांचे चेहरे बघायचे. ‘जेवला का रे?’ ‘येस, आबाजी.’ खेळ खलास! मीही बहुतेक रविवारी सासुरवाडीला असतो, त्यामुळे हे नेहमीचंच. एकदा तो पोरगा आईला काहीतरी बोलला आणि मायलेक खदखदून हसले. काकाजीही हसले, पण मागून, उगाच. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “जवाईबुवा, पोट्टा हासून राहिला अन् काहून हासते ते मलेच समजून नाही राहिलं. घरातल्याच हासण्यात मी पाहुना झालो ना जी!”

झालं! आठवड्याच्या आत त्यांनी लाखनीच्या एका रद्दीवाल्याकडून उनाड इंग्रजी शब्दांचा एक जाडजूड कोश पैदा केला. पुठ्ठा गायब, पानं पिवळी. तेव्हापासून घरातल्या जिन्याचं नाव ‘सफरचंद-नाशपाती’ पडलं. म्हणे लंडनचे फेरीवाले ‘स्टेअर्स’शी ‘पेअर्स’चं यमक जुळतं म्हणून जिन्याला फळांच्या नावानं हाक मारायचे. गिऱ्हाइकाला कळू नये, पोलिसाला कळू नये. “आपल्या बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली बोटं दाबते का नाही? तेच हे. आपन बोटं लपवतो, त्याईनं शब्द लपवले.” काकूंना हे पटलं नाही. “सफरचंदावर चढून वाळवन घालून ये,” असं काकाजींनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “आधी बाजारातून आना तरी. दिवाळीपासून सांगून राहिली.”

सिहोऱ्याला एका लग्नात काकाजींनी वांग्याची भाजी चाखली आणि मोठ्यानं दाद दिली, “वा! मधमाशीचे गुडघे!” इंग्रजीत एखादी गोष्ट फर्मास असली की असं म्हणायची एके काळी पद्धत होती. पण मुलीच्या बापाला ती कशी ठाऊक असणार? भाजीत माशी पडली समजून त्या बिचाऱ्यानं अख्खं पातेलंच पंगतीतून उचलून नेलं. बाकी काकाजींचा खरा राग इथले शब्द पळवणाऱ्या गोऱ्या शिपायांवर. “आपला ‘देखो’ नेला, त्याचा ‘डेको’ केला. ‘खुशी’ नेली, तिची ‘कुशी’ केली. अन् परत द्याचं नाव नाही!”

हे सगळं ऐकून मी हसायचो. पण त्या थंडीतल्या रविवारी मला हसू आलं नाही. अंगणात धान वाळत होतं. काकाजी नवा सदरा घालून फोनसमोर बसले आणि ‘ओल्ड बीन’ म्हणजे ‘मित्रा’ इथपासून सुरुवात करून पाठ केलेलं सगळं त्यांनी धडाधड म्हणून टाकलं. नातू डोळे मोठे करून बघत राहिला. मग हळूच आईला काही बोलला. ती चाचरत म्हणाली, “बाबा, तो म्हनते, असं आता कोनीच बोलत नाही. हे बोलनारे कवाचेच मेले असन.” काकाजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. उनाड शब्द चिवड्यासारखा असतो, डबा उघडा राहिला की सादळतो, हे त्या कोशानं त्यांना सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात वासरानं धानात तोंड घातलं. काकाजींचा सगळा राग त्याच्यावर निघाला. “काहून बे! तुह्या बापाचं धान हाये का?”

फोनमधून हसण्याचा असा धबधबा आला की वासरूही दचकलं. नातू म्हणे, पुन्हा म्हणा आबाजी, पुन्हा म्हणा! काकाजी आधी ओशाळले, मग खुलले, मग वासरू निघून गेलं तरी त्याला झापतच राहिले.

काही रविवारांनंतर फोनवर नातवाशेजारी तांबड्या केसांचा, तोंडभर ठिपके असलेला एक अनोळखी पोरगा दिसला. तो ओरडला, “काहून बे, आबाजी!” लेक म्हणाली, आता सगळा वर्ग असाच बोलतो. काकाजी हसले, सगळ्यांच्या आधी हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

संध्याकाळी आम्ही धानावर ताडपत्री ओढत होतो. मी म्हटलं, “काकाजी, तुमचा शब्द लंडनला पोचला. आता कोशातही जाईल.”

“नाही जी. पोट्ट्याईचे शब्द चार-दोन वर्सं चालते, मंग नवे येते.” ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबत ते म्हणाले, “चालन. मलेही आता तेवढेच वर्सं पुरते.”

वासरू पुन्हा धानाकडे निघालं होतं. “काहून बे!” या वेळी मीच ओरडलो.