पिवळ्या लॉटमधला जांभळा डाग

शोभाबाईंनी मिल आतून कधी पाहिली नव्हती, पण आत काय चाललंय ते त्यांना रोज कळायचं. सुरतेतल्या बमरोलीच्या खोलीबाहेरच्या मोरीवर त्या आधी नवऱ्याची आणि पुढे मुलाची बनियन भिजवत. पाणी ज्या रंगाचं होई, त्याच रंगाचा कपडा पांडेसऱ्याच्या त्या रंगाई मिलमध्ये मशीनवर लागलेला असे. लग्नसराईच्या आधी मरून, उन्हाळ्यात पिस्ता, गणपतीच्या सुमारास मोरपंखी. शेजारणी गमतीने विचारायच्या, "शोभाबाई, बाजारात औंदा कोणती साडी येणार?" आणि त्या बादलीत बघून सांगायच्या.

त्यांचा नवरा धुडकू तीस वर्षांपूर्वी पारोळ्याकडून सुरतेला आला आणि याच मिलमध्ये लागला. त्याला साखरेने नेलं. पायात खिळा गेला तो त्याला समजलाच नाही. शोभाबाईंनी पाहिलं तेव्हा जखम काळी पडली होती. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग माणूस. त्यानंतर हेमराजला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, चौतिसाव्या वर्षी साखर निघाली आणि शोभाबाईंची झोप उडाली ती कायमची. रोज संध्याकाळी तो पाळीवरून आला की त्याला खाटेवर बसवून त्या बोटाबोटाच्या बेचक्यात बघत.

"मन्हा पाय म्हणजे तुन्हा देव्हारा शे का, माय?" तो हसायचा.

"आत्या म्हणजे सीसीटीव्ही," सून हर्षदा आतून म्हणायची. "पण फक्त पायावर लावलेला."

ती थट्टा शोभाबाईंना पुढे फार दिवस आठवत राहिली.

बारा बारा तास मशीनसमोर उभं राहून हेमराजच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली. ती विरघळली, आणि वर्षाच्या आत दुसरी मांडीत झाली. डॉक्टर म्हणाले, "तिसरी फुप्फुसात गेली तर त्याला इथवर आणायला वेळ मिळणार नाही." त्यांनी रक्त पातळ ठेवायची एक बारीक पांढरी गोळी दिली, जन्मभरासाठी. दर महिन्याला रक्त तपासा, म्हणाले. विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी घेऊ नका, असंही म्हणाले. शोभाबाईंच्या डोक्यात एकच वाक्य पक्कं बसलं: गोळी चुकवायची नाही.

त्यांनी ती चुकू दिली नाही. हर्षदा घरी साड्यांवर खडे चिकटवायची, त्या खड्यांचा खणाखणांचा एक डबा त्यांनी मागून घेतला. वरच्या ओळीत साखरेच्या गोळ्या, खालच्या ओळीत रक्ताची. रोज संध्याकाळी एक खण रिकामा होई आणि त्यांना वाटे, आजचा दिवस पार पडला.

तपासणी मात्र राहिली. नवरात्रीचं काम जोरात होतं, रजा मागितली की खात्याचा मास्टर तोंड फिरवायचा. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा लागला.

त्याच सुमाराला हेमराजच्या दंडावर पहिला डाग दिसला. जांभळट, हाताच्या पंजाएवढा.

"काय व्हयनं रे?"

"रंग शे, माय. निंघी जाई."

रंगच असणार. त्या घरात कोणाच्या अंगावर कुठला डाग दिसला तर दुसरं काही मनातही येत नसे. धुडकूच्या नखांत मरेपर्यंत निळा रंग होता. शोभाबाईंनी लिंबू आणि सोडा काढून दिला. हर्षदाने दोन दिवस घासून पाहिलं. "पक्का कलर आहे," ती म्हणाली. चार दिवसांनी एक डाग बरगडीवर आला, मग एक मांडीवर. दात घासताना थुंकी लाल झाली, तर हेमराज म्हणाला ब्रश कडक आहे. त्याला उठताना गरगरायला लागलं. शोभाबाईंना वाटलं, गोळीने साखर खाली गेली. त्यांनी त्याच्या तोंडात चमचाभर साखर घातली आणि पाय पुन्हा एकदा तपासले. पाय स्वच्छ होते.

त्या मंगळवारी हेमराज सकाळच्या पाळीला गेला. नऊच्या सुमाराला शोभाबाई मोरीवर बसल्या. बनियन पिळली आणि पाणी पिवळं झालं. हळदीसारखं पिवळं. काल पिवळं होतं, परवाही पिवळंच. त्यांनी बोटांवर मोजलं. गेले पंधरा दिवस मिलमध्ये हळदी रंगाच्या कापडाचा लॉट होता, आणि पहिला डाग त्यानंतरच दिसला होता. बादलीत, पंच्यावर, खाटेच्या चादरीवर, सगळीकडे पिवळा रंग होता.

मग जांभळा आला कुठून?

त्यांनी बनियन तशीच टाकली. हर्षदाला हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता. "तो रंग नाही गं. तो आतून येतोय."

दोघी रिक्षाने पांडेसऱ्याला पोचल्या. मिलच्या फाटकावर लखन नावाचा चौकीदार होता. "माताजी, पाळी सुटल्याशिवाय कोणाला बाहेर बोलवत नाही," तो म्हणाला.

"मला आत सोड, नाहीतर त्याला बाहेर आण. मी इथून हलणार नाही."

लखनने त्यांच्या पिवळ्या, ओल्या हातांकडे पाहिलं आणि आत गेला. दहा मिनिटं झाली. चिमणीचा धूर सरळ वर जात होता. शोभाबाई गोळ्यांचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. घरातून निघताना तो कधी उचलला तेही त्यांना आठवत नव्हतं.

लखन आणि आणखी एक कामगार हेमराजला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. त्याचा चेहरा कच्च्या कापडासारखा पांढरा होता.

"बॉयलरच्या भिंतीशी बसला होता," लखन म्हणाला. "उलटी केली."

"चहा पडना, माय," हेमराज पुटपुटला. "काळा चहा."

"तू आज काळा चहा प्यायलास?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडावरचा डाग अंगठ्याने दाबला, पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "पातळ करायच्या गोळीबरोबर आणखी काय घेतो हा?"

"काही नाही. सगळं माझ्या हातून जातं," शोभाबाईंनी डबा पुढे केला.

"माय," हेमराज डोळे मिटूनच म्हणाला, "कंबर धरायची. टपरीवर दुखण्याची गोळी मिळते. सकाळी एक, दुपारी एक."

"किती दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

"महिना झाला."

"माले कसाले नही सांगं रे?"

"तू बंद करी टाकती. मग उभं कसं राहू?"

दुखण्याच्या गोळीने त्याचं पोट आतून सोललं होतं आणि तिथून रक्त वाहत होतं. रक्त इतकं पातळ झालं होतं की ते थांबायचं विसरलं होतं. इंजेक्शन दिलं, तीन बाटल्या रक्त चढवलं. पाचव्या दिवशी तो उठून बसला. नवव्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर पुन्हा तीच पांढरी गोळी लिहिली, मात्रा थोडी कमी करून.

"तीच?" हर्षदाने विचारलं.

"बंद केली तर पायात गाठ. जास्त झाली तर हे. यांच्यामधूनच चालायचं आहे. दर आठवड्याला तपासणी, आणि डाग दिसला की लगेच इथे."

शोभाबाईंनी मान हलवली. आता त्या गोळी देण्याआधी हेमराजला उघडं बसवतात. पायापासून मानेपर्यंत बघतात. तो आता थट्टा करत नाही. त्याला गोळी द्यायची नाही, असं टपरीवर त्यांनी स्वतः जाऊन सांगितलंय, आणि टपरीवाला हो म्हणालाय. तो सगळ्यांनाच हो म्हणतो.

महिनाभराने हेमराज कामावर गेला. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो दारात उभा राहिला आणि शोभाबाईंच्या हातातला डबा हातातच राहिला. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. गळ्यावर, कानामागे जांभळे शिंतोडे होते.

"लग्नसराईचा लॉट लागला," तो म्हणाला. "वांगी कलर. दोन महिने हाच चालणार."

शोभाबाईंनी डबा खाली ठेवला. त्यांनी त्याला मोरीवर बसवलं, साबण घेतला आणि दंडापासून सुरुवात केली. पाणी जांभळं होऊन वाहू लागलं. त्यांनी दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. हर्षदा दिवा धरून उभी होती. पाणी हळूहळू निवळत गेलं. खांद्याखाली रुपयाएवढा एक ठिपका उरला. शोभाबाईंनी पुन्हा साबण लावला.

"माय, हळू," हेमराज म्हणाला.

"हलू नको," त्या म्हणाल्या, आणि घासत राहिल्या.